साडेसात हजारांचा ब्लॉक, नऊ हजारांचा ब्लॉक

जळगावात भाड्याचं घर शोधायला निघालेल्या गावाकडच्या आईबापांना माझं पहिलं सांगणं एवढंच, की भाडं किती हे शेवटी विचारा. आधी मजला कोणता ते विचारा, मग पाणी, मग मीटर. मी नेमकं उलटं केलं आणि त्याचा त्रास माझ्या मुलीने काढला.

आम्ही रावेर तालुक्यातले. घरची केळी आहे, मी गावात ब्लाउज शिवते. 2023 मध्ये मोठी दहावी झाली, गुण चांगले पडले, तिला जळगावला सायन्सला घालायचं ठरलं. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो, म्हणून आधी अपडाऊनचाच विचार केला. पण पहाटे निघायचं, कॉलेज करायचं, त्यावर क्लास, आणि घरी यायला रात्रीचे आठ-साडेआठ. अभ्यास कधी करणार ती? होस्टेलही पंधरा दिवस करून बघितलं. तिथलं जेवण तिला मानवलं नाही, पोट बिघडलं, रोज फोनवर रडायची. शेवटी मीच शिलाई मशीन घेऊन तिच्यासोबत राहायचं ठरलं. हे आणि सासूबाई गावी, आम्ही दोघी जळगावात. शनिवारी संध्याकाळी मी गावी जायची, सोमवारी पहाटे परत. बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालेलं होतं म्हणून तेवढं परवडलं.

जून 2023 ते मे 2025 अशी दोन वर्षं आम्ही काढली, दोन ब्लॉकमध्ये. पहिला रामानंदनगरच्या बाजूला, दुसरा महाबळ भागात. दोन्हींबद्दल मनापासून लिहिते आहे, कारण दरवर्षी जूनमध्ये माझ्यासारख्याच कितीतरी बाया एका हातात मुलीची मार्कशीट आणि दुसऱ्या हातात एजंटचा नंबर घेऊन रिंगरोडवर उन्हात फिरताना मी बघते.

शोधायला लागलो तेव्हा आठ दिवसांत चौदा ब्लॉक बघितले. तेव्हा जे भाव सांगितले गेले ते वहीत लिहून ठेवले आहेत. एक रूम आणि किचन साडेतीन ते साडेचार हजार. वन बीएचके साडेपाच ते सात. टू बीएचके साडेसात ते दहा, आणि लिफ्ट, पार्किंग असलेली नवी बिल्डिंग असेल तर तेरा-चौदा हजार. एम. जे. कॉलेजच्या आसपास, जिथे क्लासेस जास्त आहेत, तिथे तसाच ब्लॉक हजार-बाराशेने महाग. तिथे बऱ्याच घरांत खोली न देता कॉट देतात, एका खोलीत तीन मुली. पिंप्राळ्याच्या बाजूला, खोटेनगरकडे गेलं की भाडं उतरतं, पण मुलीला सकाळी सहाच्या क्लासला सोडायला रिक्षा रोज लागणार, म्हणजे उतरलेले पैसे रिक्षात गेले. हिशोब करून बघा.

डिपॉझिट कुठे दोन महिन्यांचं, कुठे तीन महिन्यांचं. एजंटने पंधरा दिवसांचं भाडं घेतलं. त्याबद्दल तक्रार नाही, त्याने चौदा ब्लॉक दाखवले, स्वतःच्या गाडीच्या पेट्रोलने. एकाच गोष्टीची तक्रार आहे, ती पुढे येईल.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. चौदापैकी नऊ ठिकाणी पहिला प्रश्न आला, “कोणते तुम्ही?” दुसरा आला, “नॉनव्हेज करता का?” भाडं देऊ शकता का, किती माणसं आहात, मुलगी काय शिकते, हे नंतर. मुलीच्या क्लासमधल्या एका मैत्रिणीच्या आईला माझ्यासमोर एका घरमालकाने ब्लॉक दाखवला, दार उघडून दिलं, ओटा दाखवला, आणि आडनाव ऐकल्यावर म्हणाला, “आमचे पाहुणे येणार आहेत, दोन महिने देता येणार नाही.” ती बाई काही बोलली नाही. जिना उतरताना तिने माझा हात धरला होता. तो ब्लॉक मीही घेतला नाही. ज्यांना घर भाड्याने द्यायचं आहे त्यांनी हे वाचलं तर माझं कळकळीचं म्हणणं आहे, शिकायला आलेल्या पोरीचं आडनाव बघून दार लावू नका.

आता पहिला ब्लॉक.

बारा ब्लॉकचं अपार्टमेंट, तीन मजले, लिफ्ट नाही. आमचा ब्लॉक तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे डोक्यावर थेट गच्ची. बेडरूम पश्चिमेला. भाडं साडेसात हजार, डिपॉझिट वीस. बाकी सगळे टू बीएचके नऊच्या आसपास, हा दीड हजाराने कमी. आम्हाला वाटलं वर चढून जायचा जिना आहे म्हणून कमी असेल, आणि जिन्याला आम्ही भीत नव्हतो. ब्लॉक जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बघितला, सकाळी दहा वाजता. दोन पाऊस होऊन गेलेले. खिडकीतून गार वारा येत होता. मी एजंटला विचारलं, “दादा, उन्हाळ्यात कसं असतं?” तो म्हणाला, “ताई, जळगाव आहे, उन्हाळा सगळीकडेच असतो.” हीच माझी तक्रार. त्याला ठाऊक होतं. पाच महिन्यांनी कळलं, की आमच्याआधीचे भाडोत्री मे महिन्यात सोडून गेले होते आणि त्यांच्याआधीचेही मे महिन्यातच.

खरी अडचण इथेच आहे. घरं शोधायचा हंगाम जून आणि उन्हाळा संपायचा हंगामही जून. तुम्ही बघायला जाता तोवर भिंत थंड झालेली असते, मालकाने नवा चुना मारलेला असतो, आणि कुणी खोटं बोलायचीही गरज राहत नाही. पण लाईट बिलावर मे महिना छापलेला असतो. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांत किती युनिट जळाले ते दिलेलं असतं. कोणत्याही महिन्याचं एक बिल मागा आणि मार्च ते जूनचे आकडे बघा. बाकीच्या महिन्यांत शंभर-सव्वाशे युनिट आणि एप्रिल-मेमध्ये तीनशेच्या जवळ असतील, तर ते घर तापतं हे समजून घ्या. मे महिन्याचा आकडाच शून्याजवळ असेल तर घर रिकामं होतं, आणि का रिकामं होतं ते शेजाऱ्यांना विचारा. मालक बिल दाखवायला कुरकुर करत असेल तर तो ब्लॉक सोडा.

मार्चपर्यंत आमचं बरं चाललं. हिवाळ्यात तर ऊन घरात येतं म्हणून मी खूश होते, गच्चीवर वाळवण घालायला जागा होती, मुलगी दुपारी गच्चीच्या जिन्यात बसून वाचायची. होळी झाली आणि घर बदललं.

जळगाव-भुसावळचं ऊन मी लहानपणापासून बघते. पण गावात आम्ही ते घराबाहेर बघितलं. आमच्या जुन्या घराला धाबं आहे. लाकडी कड्या, त्यावर काटक्या, त्यावर वीतभर माती, आणि दर पावसाळ्याआधी खारी माती टाकायची. दुपारी बारा वाजता बाहेरून आत आलं की अंगावर गार पाण्याचा हात फिरल्यासारखं होतं. सिमेंटच्या स्लॅबखाली मी पहिल्यांदाच उन्हाळा काढत होते. मे 2024 मध्ये पारा 45 च्या वर गेला. त्या शेवटच्या आठवड्यातली एक रात्र सांगते. अकरा वाजले होते. मी बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावला. पोळ्या झाल्यावर गॅस बंद करून पंधरा मिनिटं झालेला तवा जसा लागतो, तशी भिंत लागत होती. रात्री अकराला. मुलगी खाली फरशीवर बसलेली, पाय पाण्याच्या घमेल्यात, डोक्यावर ओला पंचा, समोर स्टुलावर बायोलॉजीचं पुस्तक. बारावीची बॅच एप्रिलमध्येच सुरू झाली होती, दुसऱ्या दिवशी टेस्ट होती. कोपरावरून घामाचा थेंब वहीवर पडला आणि निळ्या शाईची ओळ पसरली. तिने ती ओळ खाली पुन्हा लिहिली, तोंडातून शब्द न काढता. त्या रात्री मी ठरवलं, की इथे दुसरा उन्हाळा नाही.

दोन कूलर होते, एक भाड्याचा, एक गावाहून आणलेला. बेडरूमची खिडकी पश्चिमेला, म्हणजे कूलर बाहेरून तापलेलीच हवा ओढणार. संध्याकाळी टाकी काठोकाठ भरली तरी रात्री तीनला कोरडी. मी तीनचा गजर लावायची, उठून बाथरूममधून सहा बादल्या आणून ओतायची, पुन्हा झोपायची. नळाचं पाणी दुपारी चारला इतकं गरम यायचं की हात धुववत नव्हते. आंघोळीची बादली सकाळी सहाला भरून सावलीत ठेवावी लागे. गच्चीवरची टाकी काळी, तिच्यावर सावली नाही.

सासूबाई चार दिवस राहायला आल्या होत्या. दुसऱ्याच दुपारी म्हणाल्या, “हे घर नही व माय, भट्टी हाये. मले इथं डोयाले डोया लागत नही, पोरगी अभ्यास कशी करते?” तिसऱ्या दिवशी हे येऊन घेऊन गेले.

त्याच मे महिन्याच्या सुरुवातीला आम्ही एक उपाय केला होता, तो उपयोगी आहे म्हणून सांगते. एका रविवारी हे चुन्याच्या दोन गोण्या घेऊन आले. आदल्या रात्री पिंपात चुना भिजवला, पहाटे साडेपाचला त्यात फेविकॉल मिसळलं आणि ऊन चढायच्या आत आमच्या डोक्यावरच्या गच्चीला झाडूने दोन हात मारले. खर्च चौदाशे रुपये. मालकाने परवानगी दिली, पैसे दिले नाहीत. त्याने घर गार झालं नाही, पण पंख्याची हवा आधी झळ लागायची ती कोमट यायला लागली. वरच्या मजल्यावर राहणं भागच असेल तर हे मार्च लागताच करा, मेची वाट बघू नका, आणि भाडं ठरवतानाच खर्च कोणाचा ते बोलून घ्या.

पाण्याचं. जळगावला वाघूर धरणाचं पाणी येतं आणि ते चवीला चांगलं आहे. पण नळ रोज येत नाहीत, मधे एखाद-दुसरा दिवस जातो. म्हणून घर बघताना नळाला पाणी आहे का, हा प्रश्न विचारून उपयोग नाही. खालची टाकी किती लिटरची आणि त्यावर किती ब्लॉक, हे विचारा. आमच्या अपार्टमेंटला बारा ब्लॉक आणि टाकी जेमतेम. उन्हाळ्यात प्रत्येक घरी कूलर, कूलरला पाणी, त्यामुळे टाकी तिसऱ्या दिवशी तळाला. मग बोअर चालू. बोअरचं पाणी खारं, साबणाला फेस येईना, डाळीला दोन शिट्ट्या जास्त, आणि कूलरच्या गवतावर पांढरा थर बसून महिन्याभरात ते कडक झालं. बोअरही मेमध्ये आटलं, मग टँकर. टँकरचा वाटा महिन्याला साडेचारशे रुपये, भाड्याव्यतिरिक्त. मेंटेनन्स पाचशे आणि पाणी-वॉचमनचे तीनशे हेही वेगळेच होते, आणि बोलणी करताना ते कुणी सांगितले नव्हते.

मी सगळा खर्च वहीत लिहिते, शिवणकामाच्या हिशोबाची सवय. तो इथे देते.

पहिला ब्लॉक: भाडं 7,500, मेंटेनन्स 500, पाणी-वॉचमन 300, म्हणजे दर महिन्याला 8,300 ठरलेले. उन्हाळ्याचे चार महिने लाईट बिल सरासरी 2,800 आणि टँकर 450, असे महिन्याला 11,550. बाकीचे आठ महिने बिल 900, म्हणजे 9,200. वर्षाचे झाले 1,19,800.

दुसरा ब्लॉक: भाडं 9,000, मेंटेनन्स, पाणी सगळं त्यातच. उन्हाळ्याचे चार महिने बिल सरासरी 1,300, म्हणजे 10,300. बाकीचे आठ महिने 750, म्हणजे 9,750. वर्षाचे 1,19,200.

साडेसात हजारांचा ब्लॉक नऊ हजारांच्या ब्लॉकपेक्षा वर्षाला सहाशे रुपयांनी महाग पडला. हा आकडा मी तीनदा बेरीज करून बघितला. दोन्हीकडे आम्ही दोघीच, तेच दोन कूलर, तेच मशीन. फरक मजल्याचा आणि भिंतीचा. आणि बिल इतकं का चढतं तेही समजून घ्या: घरगुती विजेचा दर 100 युनिटच्या पुढे वाढतो, 300 च्या पुढे आणखी वाढतो. वापर दुप्पट झाला की बिल दुपटीवर थांबत नाही. म्हणूनच सब-मीटर असलेल्या घरात फार जपून. मालकाचा आणि तुमचा वापर एकाच मीटरवर मिळून चढतो आणि मालक तुमच्याकडून वरच्या दराने प्रत्येक युनिटचे पैसे घेतो. मी बघितलेल्या तीन घरांत असं होतं. आपल्या ब्लॉकचं स्वतंत्र मीटर असेल तरच घ्या.

आता कागदाचं. इथे मी सगळ्यात मोठी चूक केली. पहिल्या मालकाने शंभरच्या स्टॅम्पवर लिहून आणलं, नोटरीचा शिक्का मारला, आणि म्हणाला, “अकरा महिन्यांचा करार आहे, रजिस्टर करायची गरज नसते.” आमच्याकडे सगळे हेच म्हणतात, म्हणून आम्हाला खरं वाटलं. ते खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा आहे, 31 मार्च 2000 पासून लागू आहे. त्याच्या कलम 55 प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेलाच असावा लागतो, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. आणि नोंदणी करायची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने ती केली नाही आणि वाद झाला, तर अटी काय होत्या याबद्दल भाडोत्री जे सांगेल ते खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत.

हे मला आधी माहीत असतं तर शेवटचा महिना इतका वाईट गेला नसता. सोडायच्या वेळी मालकाने वीस हजारांतून आठ हजार रंगाचे म्हणून कापले आणि बारा हातावर ठेवले. करारात रंगाचा शब्द नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, “वाद घालायचा असेल तर वरच्या टाकीचा वॉल्व्ह बंद करतो, मग बसा.” मुलगी आतल्या खोलीत ऐकत होती. मी गप्प बसले. पुढे दुसऱ्या घरमालकीणबाईंनी सांगितलं, की त्याच कायद्याच्या कलम 29 प्रमाणे मालकाला भाडोत्र्याचं पाणी किंवा लाईट असं तोडताच येत नाही. मग हे आणि मी पुन्हा गेलो. राहायला आलो त्या दिवशी मुलीने मोबाईलवर प्रत्येक भिंतीचे फोटो काढले होते, हौस म्हणून. ते दाखवले, कलमाचं बोललो, आवाज चढवला नाही. पाच हजार परत मिळाले. तीन हजार गेले ते गेले. फोटो मात्र तुम्ही ठरवून काढा, आत पाऊल टाकताच, सामान लावायच्या आधी. नळ, कमोड, ओटा, खिडक्यांच्या काचा, मीटरचा आकडा, सगळं.

दुसऱ्या ब्लॉकचा करार तिथल्या घरमालकीणबाईंनी, म्हणजे आमच्या काकूंनी, स्वतः आग्रहाने रजिस्टर केला. त्या शाळेत बाई होत्या, आता रिटायर आहेत, आणि कागदाच्या बाबतीत फार काटेकोर. कुठे जावंही लागलं नाही. एक मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला, आधार नंबर घातले, काकूंचा, ह्यांचा आणि दोन साक्षीदारांचा अंगठा घेतला, फोटो काढला, झालं. चार दिवसांनी नोंदणीचा कागद हातात. खर्च सांगते, कारण लोक त्याला घाबरतात. अकरा महिन्यांचं एकूण भाडं, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्याने धरलेलं व्याज, या बेरजेवर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी. आमचं भाडं नऊ हजार आणि डिपॉझिट पंचवीस, म्हणून ती अडीचशेच्या थोडी वर आली. नोंदणी फी महापालिका हद्दीत एक हजार, ग्रामीण भागात पाचशे. त्या मुलाचे सातशे वेगळे. काकूंनी निम्मे दिले, निम्मे आम्ही. पोलीस ठाण्यात भाडोत्र्याची माहितीही त्यांनीच नेऊन दिली.

हा दुसरा ब्लॉक पहिल्या मजल्यावर. खाली काकू, वर आम्ही, आमच्या डोक्यावर आणखी एक ब्लॉक. म्हणजे स्लॅबचं ऊन वरचे झेलायचे, आणि त्यांच्यासाठी काकूंनी गच्चीवर पांढऱ्या फरशा बसवून घेतल्या होत्या. बेडरूम पूर्वेला, पश्चिमेला जिना. जिना तापला तर तापला. टाकी मोठी आणि घरं तीनच. अंगणात कडुनिंब, त्याची फांदी आमच्या खिडकीपर्यंत. 2025 चा मे आम्ही इथे काढला. कूलर रात्री एकच लावायचो, हॉलमध्ये, आणि बेडरूमचं दार उघडं ठेवायचो. तीनचा गजर नाही. बारावीच्या परीक्षेआधीच्या महिन्यात मुलगी रात्री साडेबाराला झोपून पाचला स्वतःहून उठायची. मी तिला झोपलेली बघत बसायची थोडा वेळ, मग मशीनवर बसायची.

दोष सांगते. स्वयंपाकघर लहान आहे, दोघी एकावेळी उभ्या राहू शकत नाही. ओट्याखालच्या भिंतीला ओल आहे. पावसाळ्यात तिथे ठेवलेल्या उडदाला बुरशी आली, सगळी डाळ टाकून द्यावी लागली. काकूंना दोनदा सांगितलं, प्लंबर येऊन बघून गेला, काम झालं नाही. फाटक रात्री साडेदहाला बंद होतं, त्यात सूट नाही. हे एकदा केळीची गाडी भरून उशिरा निघाले, पावणेअकराला पोचले, तर दहा मिनिटं बाहेर उभे. गाडी लावायला आत जागा नाही. पहाटे साडेपाचला नळ आले की काकू खालून हाक मारतात, पिण्याचं पाणी भरून घ्यायला उठावंच लागतं. माझ्या मशीनच्या आवाजाचीही त्यांनी पहिल्या आठवड्यात तक्रार केली. मी मशीनखाली जुनी सतरंजी दुहेरी घालून टाकली, दुपारी एक ते चार चालवायचं बंद केलं, मग पुन्हा कधी बोलल्या नाहीत. उलट त्यांचेच ब्लाउज माझ्याकडे आले.

पण माणूस म्हणून काकूंचं घर मिळालं हे आमचं नशीब. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी त्यांच्याकडे आमच्या खान्देशातली कानबाई देवी बसते. पहिल्याच वर्षी त्यांनी आम्हाला खाली बोलावलं, मुलीला फुलं लावायला बसवलं, रोटाचं जेवण वर पाठवलं. थंडीत भरितासाठी त्यांनी गच्चीवर काड्यांची आगटी करू दिली. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव येत नाही, हे खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. रविवारी संध्याकाळी मुलगी त्यांच्याबरोबर मेहरूण तलावावर फिरायला जायची. परक्या गावात तरण्या मुलीला घेऊन एकटी राहणाऱ्या बाईला याचा किती आधार असतो, ते मी भाड्याच्या कोणत्या रकान्यात लिहू?

सोडताना डिपॉझिट पंचवीसच्या पंचवीस हजार त्याच दिवशी मिळाले. काकूंनी शेवटचं लाईट बिल भरल्याची पावती मागितली, किल्ल्या मोजून घेतल्या, पैसे मोजून दिले. मुलीला वेगळे पाचशे दिले, नाही म्हटलं तरी.

तो ब्लॉक आता पुन्हा द्यायचा आहे. काकूंनी या वर्षी भाडं साडेनऊ हजार केलं आहे, डिपॉझिट तेवढंच. मला विचाराल तर साडेनऊलाही घ्यावा, मात्र ओट्याखालच्या ओलीचं काम पाऊस लागायच्या आत करून द्या असं करारात लिहून घ्या. मे महिन्याचं लाईट बिल मी ओट्याजवळच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून आले आहे, बघायला जाल तेव्हा दार उघडा.